नऊ किलो शिसं

हिरामणचा एक नियम होता, आणि तो नियम पोशीर गावात येईल त्याला, कुणी विचारो न विचारो, तो ऐकवायचाच. शर्यतीच्या छकड्यावर फुकटचं गुंजभरही ओझं चढवायचं नाय! छकड्याची लाकडं रंध्यानं सोलून सोलून तो इतकी बारीक करायचा की त्याची बायको जिजा म्हणायची, "आता काड्यापेटीच जुंपा बैलांना." आणि हा पठ्ठ्या स्वतः छकड्यावर बसायचासुद्धा नाही. बसायची त्याची पोरगी विनिता, सात-आठ वर्षांची. तिचं वजन ते काय! अर्धं पोतं भातसुद्धा तिच्याहून जड भरलं असतं. बायका तोंडाला पदर लावायच्या, जिजा नवऱ्याशी दोन-दोन दिवस अबोला धरायची, पण पोर अशी हाकायची की बैल तिच्या नुसत्या श्वासावर वळायचे.

एकदा काय झालं, सुरुवातीच्या रेघेवर विनितानं मागं वळून सांगितलं, "बाबा, आज छकडा जड हाय."

"गप गं, भ्यालीस म्हणून जड लागतोय," हिरामण म्हणाला.

शर्यत हरली. मग बघतात तर साट्याखाली, म्हणजे बसायच्या फळीखाली, वाळूची पिशवी बांधलेली. पलीकडच्या गावच्या नागूच्या माणसांचं काम! त्या दिवसापासून हिरामणचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हा तर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते ह्याच खोडीपायी झालं.

विनिता बारा वर्षांची असताना मामेबहिणीच्या वाढदिवसाला खोपोलीकडच्या एका ट्रॅकवर गेली. पैसे भरून दहा मिनिटं छोटी गाडी फिरवायची, असला प्रकार. सगळी पोरं हसत-खिदळत टायरांवर आदळत होती आणि ही एकटी गप्प बसून फेऱ्या मारत होती. तिथं नवीन नावाचे एक सर शिकवायचे. त्यांनी तिची वेळ घड्याळात बघितली, घड्याळ बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं, आणि त्यातही तीच वेळ आल्यावर विचारलं, "बाळ, तू आधी काय चालवलंयस?"

"बैल," विनिता म्हणाली.

तिथून सुरू झालं. आधी ती छोटी कार्ट, मग राज्याच्या स्पर्धा, मग देशातल्या, आणि सोळाव्या वर्षी ज्युनियर फॉर्म्युला. ती गाडी तुम्ही बघितली असेल. चारी चाकं उघडी, वर छत नाही, मध्ये एकट्याचीच जागा, आणि माणूस त्यात बसत नाही, झोपतो. तीन वर्षं विनिता नवीन सरांच्या टीमबरोबर दूर दक्षिणेतल्या ट्रॅकांवर जात राहिली. पहिल्या वर्षी नववी आली, दुसऱ्या वर्षी पाचवी. हिरामण साजगावच्या कारखान्यात फिटर, त्याला रजा कुठली? तो जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शर्यत बघायचा आणि हातातला घास हातातच राहायचा.

यंदा मात्र शेवटची फेरी खालापूरच्या माळावर नव्यानं झालेल्या ट्रॅकवर ठरली. म्हणजे अगदी घरच्या अंगणात! आणि विनिता पहिल्या नंबरच्या पोरापेक्षा फक्त चार गुणांनी मागे. शेवटची शर्यत जिंकली तर ती विजेती. विजेतीला पुढच्या वर्षी परदेशात मोठ्या गाडीवर जागा, सगळा खर्च स्पर्धा भरवणाऱ्यांचा. नाही जिंकली तर संपलं. नवीन सरांनी स्पष्टच सांगितलं होतं की चौथं वर्ष त्यांच्यानं निभणार नाही. हिरामणनं कारखान्याच्या स्टोअरमध्ये तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता, पण पोरीला ते सांगायची त्याची जीभ रेटत नव्हती.

जानेवारीतला रविवार. पोशीरहून दोन टेंपो भरून माणसं आली. सोबत बँजोवाले, गुलालाची पोती, आणि ऐंशी वर्षांचे कोंडाजी आजोबा, ज्यांनी गाडी म्हणजे बैलगाडीच समजून येतानाच विचारलं, "बैल कुठं बांधलेत?" हिरामण आणि जिजाला आत जायचा पास होता. जिजानं सगळ्या टीमसाठी तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुका जवळा असा मोठा पिशवीभर डबा आणला होता.

गॅरेजात सुनील एकटाच गाडीशी होता. कर्जतच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी त्याची वाडी. आयटीआय करून तो नवीन सरांकडं लागला होता, आणि विनिता त्याला दादा म्हणायची. तो सीटच्या खाली वाकून पान्यानं काहीतरी आवळत होता. हिरामणनं मान घातली. सीटखाली तीन करड्या पट्ट्या. फिटरच तो, बघताक्षणी ओळखलं.

"हे शिसं का रं?"

"हां काका. नऊ किलो. वजन भरायला लागतं ना," सुनील म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेला.

वजन भरायला लागतं! नऊ किलो शिसं, शर्यतीच्या गाडीत, आपल्या पोरीच्या बुडाखाली! हिरामण तसाच शेजारच्या गॅरेजात डोकावला. तिथं त्या पहिल्या नंबरच्या पोराची गाडी सीट काढून ठेवलेली होती. हिरामणनं नीट बघितलं, दोनदा बघितलं. त्या गाडीत शिशाची एक पट्टी नव्हती. एकसुद्धा नाही! पोरगा बाजूलाच उभा होता, विनितापेक्षा डोकंभर उंच, अंगानंही थोराड, केळं खात.

झालं. हिरामणच्या डोक्यात ती वाळूची पिशवी आली, नागू आला, दहा वर्षांपूर्वीचा सगळा संताप आला. गावातली पोरगी, तिच्या मागं ना कंपनी ना वशिला, म्हणून तिच्या गाडीत धोंडे भरायचे, काय? तीन वर्षं पोर धोंडे घेऊन पळतेय आणि तरी दुसरी येतेय!

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, विचारायचं होतंस की. नवीन सर दहा पावलांवर उभे होते. पण चोराला 'चोरी केलीस का' असं विचारतं का कुणी? विचारलं की सावध होतात. आणि विनिताला सांगावं तर ती ड्रायव्हरांच्या सभेत, शिवाय शर्यतीआधी तिचं मन कशाला ढवळायचं? माणसाला एकदा आपलंच खरं वाटलं की अक्कल अशी लांब जाऊन बसते, हाक मारली तरी येत नाही.

सकाळच्या फेऱ्या झाल्या, गाड्या वजनकाट्यावर चढल्या, विनिताची गाडी पास होऊन परत आली. शर्यत तीन वाजता. दीडला सगळे जेवायला उठले, सुनील तेवढा गाडी सोडून हलेना.

"जा रं, जेव तू," हिरामण म्हणाला. "बिरडं गरम हाय तवर खाऊन घे. मी बसतो गाडीपाशी. मी काय परका हाय?"

"तुम्ही आहात म्हटल्यावर काय चिंता, काका," सुनील म्हणाला आणि गेला.

तो जिजाच्या हातची भाकरी मोडत होता तेव्हा हिरामण पाना लावून बोल्ट काढत होता. चार मिनिटं लागली. तिन्ही पट्ट्या टॉवेलात गुंडाळून त्यानं डब्याच्या पिशवीच्या तळाशी सारल्या आणि वर रिकामे डबे रचले. थोड्या वेळानं जिजानं पिशवी उचलली.

"अगो बाई! डबं रिकामं झालं तरी पिशवी एवढी जड?"

"तिथंच राहू दे. हात लावू नको," हिरामण असा खेकसला की ती बिचारी गप्पच झाली.

तीन वाजता सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. कठड्याला धरून उभ्या असलेल्या हिरामणला वाटलं, कानाचे पडदे गेले. विनिता तिसऱ्या जागेवरून निघाली होती. पहिलं वळण नीट घेतलं. दुसऱ्या वळणाला तिची गाडी जरा जास्तच आत गेली, ती सावरली, आणि मग एवढ्याशा अंतरात तिनं वेग कमी केला, अगदी मुद्दाम केल्यासारखा. हिरामण कठड्यावरून पुढं वाकला. काय झालं? बोल्ट सुटला का एखादा? पण दुसऱ्याच क्षणी गाडी जी उसळली, ती थेट पुढच्याच्या शेपटीला. चौथ्या फेरीत ती दुसरी होती. सातव्या फेरीत तिनं त्या पहिल्या नंबरच्या पोराला वळणावर आतून गाठलं आणि मागं टाकलं. पंधराव्या फेरीला रेघ ओलांडली तेव्हा मागचा सहा सेकंद लांब होता.

पोशीर पेटलं! बँजो वाजला, कुंपणापलीकडं गुलाल उधळला, कोंडाजी आजोबा ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला मिठी मारत सुटले. कुणीतरी हिरामणच्या डोक्यावर गुलालाची ओंजळ रिकामी केली. तो रडत होता, हसत होता, आणि मनातल्या मनात म्हणत होता, बघा! धोंडे काढले की माझी पोर कशी पळते ते बघा!

शर्यत संपली की गाड्या पुन्हा काट्यावर जातात, ड्रायव्हरला आत बसवूनच, हे त्याला कुठं ठाऊक? तो आणि डब्यांची पिशवी काखोटीला मारलेली जिजा धावत तिथं पोचले तर सगळं शांत होतं. विनिता गाडीतच होती, हेल्मेट काढलेलं, केस कपाळाला चिकटलेले. तपासणीच्या मुख्य अधिकारी रणदिवे बाई काट्याच्या पाटीकडं बघत होत्या. त्यांनी गाडी खाली घ्यायला लावली, पुन्हा वर चढवली. आकडा तोच.

"नऊ किलो कमी," त्या म्हणाल्या. "गाडी आणि ड्रायव्हर मिळून जे कमीत कमी वजन लागतं, त्याच्या नऊ किलो खाली. नवीन सर, मला वाईट वाटतंय, पण ही गाडी बाद."

बाद. हिरामणला शब्द ऐकू आला, पण अर्थ डोक्यात शिरेना. वजन कमी म्हणून बाद? वजन कमी म्हणून? जगात असा कुठला न्याय आहे?

नवीन सरांनी विनिताला उतरवलं, सीट उपसली आणि खाली हात घातला. तीन जागी बोल्टांची रिकामी भोकं.

"सुनील, पट्ट्या कुठंयत?"

"सकाळी मी स्वतः आवळल्या, सर. देवाशपथ! सकाळी वजन बरोबर भरलं ना?"

"मग उडाल्या का त्या?"

सगळे सुनीलकडं बघत होते. शेजारच्या टीमचा एक जण हलक्या आवाजात म्हणाला की असल्या गोष्टी आपोआप होत नाहीत. रणदिवे बाई म्हणाल्या, "मुद्दाम काढल्या असतील तर ज्यानं काढल्या त्याला कुठल्याच ट्रॅकवर पुन्हा काम मिळणार नाही, हे मी आधीच सांगते." विनिता हेल्मेट पोटाशी धरून जमिनीकडं बघत होती.

"पण सर," हिरामणचा घोगरा आवाज आला, "ते शिसं ठेवायचंच कशाला? त्या दुसऱ्या पोराच्या गाडीत तर एक पट्टी नव्हती. मी डोळ्यांनी बघितलं."

नवीन सर वळले. "तो पंचावन्न किलोचा आहे, हिरामणभाऊ. आपली विनिता सेहेचाळीस. ड्रायव्हर हलका म्हणून कुणाला फायदा होऊ नये, यासाठी उरलेलं वजन शिशानं भरतात. सगळ्यांची गाडी सारखी, मग ज्याचा हात चांगला तो जिंकला. एवढं साधं आहे ते."

एवढं साधं! पंचावन्न आणि सेहेचाळीस, मध्ये नऊ. पहिलीतल्या पोरालाही जमणारी वजाबाकी. पोरीला बुडवायला ठेवलेला धोंडा नव्हता तो, तिचं जिंकणं खरं ठरवणारं शिसं होतं. आणि ते त्यानं काढलं होतं, स्वतःच्या हातानं, चार मिनिटांत. गप्प बसायची संधी होती, हे खोटं कशाला बोला? मूग गिळून उभा राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण समोर सुनील होता. दाताच्या फटीत अजून वालाचं साल अडकलेलं, आणि डोळे भरलेले.

हिरामणनं जिजाच्या हातातली पिशवी ओढून घेतली. डबे खडखडत जमिनीवर पडले. टॉवेल सोडून त्यानं तिन्ही पट्ट्या रणदिवे बाईंच्या पायाशी ठेवल्या.

"मी काढल्या. त्या पोराचा काय दोष नाय. त्याला जेवायला धाडून मी काढल्या. मला वाटलं..." काय सांगणार? वाळूची पिशवी सांगणार, नागू सांगणार?

जिजानं कपाळावर हात मारून घेतला. "अवो, काय केलंत हे! पोरीच्या ताटात माती कालवलीत!"

सुनील नुसता हिरामणकडं बघत राहिला, आणि ते बघणं शंभर शिव्यांपेक्षा वाईट होतं.

रणदिवे बाई कठोर होत्या, पण माणूस होत्या. त्या खुर्चीवर बसल्या, एक कागद पुढं ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. "शर्यतीचा निकाल रद्द होणारच. विजेतेपद गेलं. पण वडिलांनी अज्ञानातून केलं आणि ड्रायव्हरला माहीत नव्हतं, असं मी लिहिते. म्हणजे वर्षभराचे गुण राहतील, दुसरा नंबर राहील, नावाला डाग लागणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दुसऱ्या नंबरचीही चाचणी घेणार आहेत परदेशातल्या जागेसाठी. अजून सगळं संपलेलं नाही, मुली. इथं सही कर."

हिरामणनं आभाळाकडं बघून हात जोडले. देवा, वाचवलंस! विनितानं पेन हातात घेतलं.

"एकच प्रश्न राहिला, विचारावा लागतो," बाई म्हणाल्या. "गाडी चालवताना तुला काही फरक जाणवला होता का?"

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पेन कागदावर टेकलेलं होतं. विनितानं आधी आईकडं बघितलं, मग सुनीलकडं, मग बापाच्या गुलालानं माखलेल्या डोक्याकडं.

"जाणवला," ती म्हणाली. "दुसऱ्या वळणाला."

हिरामणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"गाडी मागून हलकी लागली. मला कळलं पट्ट्या नाहीत. वाटलं, सुनीलदादा आवळायला विसरला. मी वेग कमी केला होता, आत यायला पाहिजे होतं मी. आले नाही." तिनं पेन खाली ठेवलं. "आणि आत्ता सगळे दादाला बोलत होते तेव्हाही मी गप्प बसले."

रणदिवे बाईंनी डोळे मिटले. "तू काय सांगतेयस, कळतंय ना तुला? मग मला हा कागद फाडावा लागेल. वर्षाचे सगळे गुण जातील. चाचणीही नाही."

"कळतंय."

त्यांनी कागद फाडला. नवीन सर पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. जिजा मटकन खाली बसली.

हिरामणनं पोरीचा दंड धरला, हलवला. "अगं, खुळी का काय तू? का सांगितलंस? माझ्यावर घेतलं होतं ना मी सगळं! नाय म्हणायचं होतंस, कुणाला कळणार होतं? सगळं गेलं गं, सगळं घालवलंस!"

विनिताचे डोळे कोरडे होते. त्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "आठ वर्षांची होते तवा छकडा जड लागला, मी लगेच सांगितलं. तुमी ऐकलं नाय ते जाऊ द्या, पण मी सांगितलं. आज हलका लागला, तर गप बसले."

हिरामणचा हात आपोआप सुटला. कुंपणापलीकडं बँजो अजून वाजत होता. कोंडाजी आजोबा दोन पोरांच्या खांद्यावर चढून विनिताला हात करत होते. पोशीरला फोन गेले होते, तिथंही मिरवणुकीची तयारी सुरू झाली असणार.

"मी सांगून येतो त्यांना," तो कसाबसा म्हणाला. "माझी चूक हाय. मीच सांगतो."

"नको," विनिता म्हणाली. तिनं हेल्मेट सुनीलच्या हातात दिलं आणि कुंपणाकडं चालायला लागली. "तुमी तुमचं सांगितलंत, बाबा. माझं मी सांगते."

तिला येताना बघून लोकांनी उरलेला सगळा गुलाल एकदमच उधळला.